माग बंद असतानाचं संगीत

शेवट कुणालाच ऐकू आला नाही.

हे वाक्य आपण वाचलेलं नाही. ते इथे नव्हतंच. इथे ऊन होतं.

चैत्रातलं उतरतं ऊन. इचलकरंजीच्या पत्र्यापत्र्यावरून ओघळणारं, ताम्रवर्ण, तापट, तंतुमय ऊन. तंतुमय, कारण या गावात हवा नुसती नसते, तिच्यात कापूस असतो. प्रत्येक किरणात शुभ्र, सूक्ष्म, निराधार तंतू तरंगत असतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या भुवयांवर येऊन बसतात. त्यामुळे इथली तरुण पोरं संध्याकाळी म्हातारी दिसतात आणि आंघोळीनंतर पुन्हा तरुण होतात. सन्मती चौगुले मात्र आता आंघोळीच्या पलीकडे गेला होता.

आणि उन्हाइतकाच सर्वव्यापी तो आवाज. खट्ट-खडाक, खट्ट-खडाक. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, भिंतीला भिंत लावून बसलेल्या कारखान्यांतले माग. अहोरात्र, अविरत, अविचल माग. या ठेक्यावर इथली बाळं झोपतात आणि ठेका थांबला की दचकून उठतात. या ठेक्यावर लग्नं ठरतात, भांडणं मिटतात, दूध नासतं. इथे आवाजाची तक्रार कुणी करत नाही. शांतता पडली तर लोक चौकशीला येतात.

अशा गावात सन्मती चौगुले पोस्ट-रॉक वाजवायचा.

तो गिटारवर आणि जुबेर मोमीन ड्रमवर. पंचक्रोशीत या संगीताचे हे दोनच उपासक. त्यामुळे स्पर्धा नव्हती. आणि श्रोतेही नव्हते, त्यामुळे टीकाही नव्हती. मागांच्या साप्ताहिक सुटीला, गाव मुकं असताना, ते एका बंद कारखान्यात वाजवत बसायचे. बाहेरून जाणाऱ्यांना वाटायचं, आत कुणीतरी काहीतरी दुरुस्त करतंय आणि ते होत नाहीये.

मग सन्मतीला कावीळ झाली. आधी डोळे पिवळे झाले, मग नखं, मग कपाळ, मग ओठांच्या कडा. हळद लागलेल्या नवरदेवासारखा तो पिवळा, पीतवर्ण, पीतांबरमय होत गेला. फक्त वरात आली नाही. जे आलं ते खांद्यावरून घेऊन जायला आलं. त्या संगीतप्रकाराची स्थानिक लोकसंख्या त्या दिवशी निम्म्यावर आली.

जाण्याच्या आदल्या दुपारी, दवाखान्यातल्या हिरव्या पडद्याआड, तो जुबेरला म्हणाला होता, "आप्पांना आपलं ते रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकव. शेवटाशिवाय त्यात काही नाही."

"आप्पांना ऐकू येत नाही, लेका."

"ठाऊक आहे. तरी ऐकव." तो छताकडे पाहत होता, छतही पिवळंच होतं, किंवा त्याला तसं दिसत होतं. "जगात मागाशिवायही काहीतरी हादरतं, एवढं त्यांना एकदा कळू दे. माझं वाजवणं वाईट असलं तर असू दे. मागासारखं नसू दे, बास."

एवढंच. एका मुलाची एवढीच, एवढीशीच इच्छा. आणि ती पुरी करण्याचं काम अशा माणसावर आलं, ज्याला साधं बँकेत सही जुळवणंही जमत नसे.

आप्पा म्हणजे सन्मतीचे वडील, बाळगोंडा चौगुले. जन्मभर जॉबर, बिघडलेल्या मागाला नीट करणारा माणूस. मागाच्या सहवासात त्यांचे कान हळूहळू, विनातक्रार, कापसासारखे उडून गेले. ते ओठ वाचत. घरच्यांचे ओठ, शेजाऱ्यांचे ओठ, टीव्हीवरच्या नटनट्यांचे ओठ. गाणं त्यांना ओठांनीच कळे. नायिकेचे ओठ हलले की ते मान डोलावत, आणि मधल्या संगीताच्या तुकड्याला पाणी प्यायला उठत. ज्या गाण्यात ओठच नाहीत ते गाणं त्यांच्या दृष्टीनं चुन्याची कोरी भिंत होती. मुलगा वर्षानुवर्षं त्या भिंतीसमोर बसून काय करतो, हे त्यांना कधी उमगलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर वाचावं लागलं असतं, आणि सन्मती बोलताना खाली मान घालायचा.

मात्र कान गेले तरी आप्पांचा उजवा तळहात शाबूत होता. चालत्या मागाच्या लोखंडी अंगावर तळहात टेकवून ते डोळे मिटत आणि सांगत, इथं सैल आहे, इथं घासतंय, इथं उद्या तुटणार आहे. तो तळहात म्हणजे त्यांचा कान होता. काळवंडलेला, तेलकट, त्रिकाळज्ञ कान.

जुबेरची सगळी भिस्त त्या तळहातावर होती.

म्हणून ही सभा.

गल्लीच्या मंडळाच्या सभागृहात, पाचाच्या पुढे, कललेल्या उन्हात, शोकसभा. गल्लीत कुणी गेलं की सभेच्या वेळी दोन मिनिटं सगळे माग बंद ठेवायचे, ही इथली रीत. दोन मिनिटांची ती दुर्लभ, दुर्मूल्य, दुःखदत्त शांतता. सभागृहाच्या गच्चीवरून कुणीतरी टॉवेल हलवायचा, की माग बंद. पुन्हा टॉवेल हलवायचा, की माग सुरू. ओरडून उपयोग नसतो, म्हणून टॉवेल.

मंडळाचे अध्यक्ष भूपाल मगदूम. गल्लीतले निम्मे माग त्यांचे, त्यामुळे निम्मी शांतताही त्यांचीच. जुबेर आदल्या दिवशी त्यांच्यासमोर उभा राहिला.

"मालक, दोन मिनिटांच्या जागी जरा जास्त वेळ माग बंद ठेवता आले तर. सन्मतीचं एक वाजवून रेकॉर्ड केलेलं आहे. ते संपेपर्यंत."

"केवढं हाय गाणं?"

"सतरा मिनिटं."

मगदूमांनी चष्मा काढला. "सतरा मिनिटात आमच्यात लग्न लागतंय बाबा." मग चष्मा पुन्हा घातला, कारण सन्मती त्यांच्या डोळ्यांदेखत वाढला होता. "ठेवू. पण दिवस बुडायच्या आत संपीव. मान्सं जेवायची हायत."

ही अडचण खरी होती. गल्ली जैनांची, सूर्यास्तानंतर अन्न नाही. म्हणजे चैत्रातली ती संध्याकाळ एका अर्थी मोठं, लालबुंद, उतरत चाललेलं ताट होतं, आणि सभेला आलेला प्रत्येक जण खिडकीतून त्या ताटाकडे पाहत होता.

माणसं आली. पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, पांढऱ्या साड्यांचे पदर. पांढऱ्यावर पांढरा कापूस. मधोमध सन्मतीचा फोटो, त्यात तो हसत होता; फोटो कुणाच्या तरी लग्नातला कापून घेतलेला होता आणि त्याच्या खांद्यावर अजून एका अनोळखी माणसाचा हात शिल्लक होता. आप्पांची खुर्ची जुबेरनं स्पीकरच्या खोक्याला चिकटून ठेवली होती. आप्पा ताठ बसले होते आणि समोरच्या सगळ्यांचे ओठ पाहत होते. बोलणारे सगळे एकच वाक्य बोलत होते, त्यामुळे वाचायला सोपं गेलं.

मग जुबेरला उभं करण्यात आलं, थोडक्यात माहिती सांगायला.

"सन्मती जे वाजवायचा त्याला पोस्ट-रॉक म्हणतात," तो म्हणाला. मागांच्या आवाजात त्याला हे ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे ते धमकीसारखं वाटलं. "गिटार असते, ड्रम असतात. म्हणजे रॉकचीच भांडीकुंडी, फक्त घर बदललेलं. यात गाणारा नसतो."

पहिल्या रांगेतल्या पद्माक्का पुढे झुकल्या. "मग म्हंतंय कोण?"

"कोण म्हणत नाही, अक्का."

"गाणारा आला न्हाई व्हय?"

"गेला की ओ तोच," मागून कुणीतरी त्यांना समजावलं. सगळ्यांनी हळहळून मान हलवली. ते चूक होतं, पण दुरुस्त करण्यासारखं नव्हतं.

जुबेर पुढे सांगू लागला. "सुरुवातीला काही होत नाही असं वाटेल. ते बरोबर आहे. मग तेच परत होईल. तेही बरोबर आहे. मुखडा शोधू नका, अंतरा शोधू नका. ते नाहीत. दूध तापत ठेवल्यासारखं आहे हे. नुसतं बघत उभं राहायचं. बराच वेळ ते दूधच असतं. मग कडेला एक बुडबुडा येतो. मग..."

"उतू जातंय," पद्माक्का म्हणाल्या.

"हां. अक्कांना कळलं."

पद्माक्कांनी आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि शोकसभा आठवून खाली घेतला.

"आणि शेवटची गोष्ट," जुबेर म्हणाला, "शेवटाच्या आधी एकदा..."

"जुबेर," मगदूम खिडकीकडे बोट करून म्हणाले. ऊन खिडकीच्या गजावरून घसरून खालच्या कट्ट्यावर आलं होतं. "आटप बाबा. आता लाव."

आणि जुबेरनं ती शेवटची गोष्ट गिळली. शेवटाच्या आधी एकदा सगळं थांबतं. ते थांबणं म्हणजे संपणं नव्हे. हे एक वाक्य. नवख्या श्रोत्याला या संगीताबद्दल बाकी काहीही सांगितलं नाही तरी चालतं. हे एक सांगावं लागतं.

गच्चीवर टॉवेल हलला.

एकेक कारखाना विझत गेला. आधी कोपऱ्यावरचा, मग समोरचा, मग शेजारचा, मग भिंतीपलीकडचा. खट्ट-खडाक, खट्ट-ख, खट्ट. आणि मग ती आली. विशाल, विवस्त्र, विश्वास न बसणारी शांतता. छताचा पंखा ऐकू आला. लांबच्या पिंपळावर एक पोपट दुसऱ्याला काहीतरी समजावत होता तो ऐकू आला. उठताना कुणाचा तरी गुडघा वाजला तो ऐकू आला, आणि अनेक वर्षं न ऐकलेली स्वतःची पोटं लोकांना ऐकू आली. खुर्चीतले आप्पा सोडून सगळे उठून उभे राहिले होते, कारण माग बंद म्हणजे मौन आणि मौन म्हणजे उभं राहणं. बसा असं कुणी म्हणालं नाही. म्हणून ती माणसं, या भूतलावरच्या पोस्ट-रॉकच्या श्रोत्यांपैकी बहुधा सर्वात भुकेली माणसं, हात जोडून, मान खाली घालून, पूर्ण वेळ उभी राहिली.

आणि त्या शांततेत सन्मतीचा पहिला सूर उमटला.

एकच सूर. पहाटेच्या पंचगंगेवर एकट्या बगळ्यानं पाय उचलावा, तसा. मग तो पाय पुन्हा त्याच जागी टेकला. पुन्हा उचलला. पुन्हा टेकला. मग त्याच सुराच्या शेजारी तोच सूर, किंचित मळलेला. त्याच्या मागे अजून एक, किंचित थकलेला. ताण्याबाण्याची उपमा इथे दाराशी हात जोडून उभी होती. पण सन्मतीला ती चालली नसती, म्हणून तिला बाहेर बसवून ठेवलं आहे.

धुकं होतं ते. उसाच्या फडावरून सरकणारं, नीलधूसर, नतमस्तक धुकं. त्यात जुबेरचे ड्रम फार लांबून येत होते, वाट चुकलेल्या माणसाच्या पावलांसारखे. सूर वर चढत नव्हता. फक्त दाट होत होता. रंग बदलत नव्हता. फक्त गडद होत होता. जांभळा, अधिक जांभळा, त्याहून जांभळा, आणि मग रंग ज्याला नाव द्यायला कुणी जागं नव्हतं असा एक. मगदूम मालकांनी डोळे मिटले. पद्माक्कांच्या चेहऱ्यावर गॅसपाशी उभ्या असलेल्या बाईची एकाग्रता आली. बुडबुडा त्यांना दिसला होता.

एकटे आप्पा उघड्या डोळ्यांनी सगळ्यांचे ओठ पाहत होते. सगळे ओठ मिटलेले. वाचायला काही नव्हतं.

दूध वर आलं. कडा गाठली. गिटार एकमेकींवर चढल्या, चढून ओरडू लागल्या, ओरडता ओरडता थरथरू लागल्या. आणि ज्या क्षणी सगळं फुटणार, सांडणार, उधळणार, त्या क्षणी सन्मतीनं, जसं त्यानं त्या बंद कारखान्यात ठरवलं होतं तसं, सगळं थांबवलं.

काहीही नाही. एक पूर्ण श्वास. त्यावर दुसरा. निव्वळ, निरंजन, निर्दय काहीही नाही.

जुबेर या क्षणासाठीच उभा होता. त्यानं वाकून आप्पांचा उजवा हात उचलला आणि खोक्याच्या काळ्या लाकडावर उताणा नव्हे, पालथा, तळहात पूर्ण टेकवून ठेवला. आता. आता येईल. मागासारखं नसलेलं ते हादरणं आता येईल, या हातात शिरेल, कोपरापर्यंत चढेल, आणि एका बापाला कळेल.

मगदूम मालकांनी डोळे उघडले. शांतता आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. खिडकीत ऊन आहे, पण थोडं आहे, हेही लक्षात आलं. दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. गाणं संपेपर्यंत माग बंद. गाणं संपलं होतं. त्यांनी डोळे पुसले, अगदी मनापासून पुसले, आणि गच्चीकडे पाहून हात वर केला.

टॉवेल हलला.

जुबेरनं "मालक" म्हणायला तोंड उघडलं. ते उघडं राहिलं. भिंतीपलीकडचा कारखाना उठला, समोरचा उठला, कोपऱ्यावरचा उठला. बराच वेळ दम धरून राहिलेले माग एकदम, एकाच वेळी, आसुसून सुटले. गल्लीच्या तारांना तो भार सोसला नाही. सभागृहाचा फ्यूज गेला. दिवसाउजेडी कुणाला कळलं नाही. पंखा सावकाश थांबला, आणि गाणं वाजवणाऱ्या यंत्रावरचा तांबडा, टिकलीएवढा दिवा मिटला. तो मिटताना फक्त जुबेरनं पाहिला.

खोकं मुकं झालं. सन्मतीचा शेवट आतल्या आत, तारेच्या कुठल्यातरी वळणावर, उभाच्या उभा राहिला.

आणि भिंत हादरत होती. फरशी हादरत होती. फरशीवरचं ते मुकं, मृत, मोकळं खोकं हादरत होतं. खट्ट-खडाक, खट्ट-खडाक.

आप्पांनी डोळे मिटले.

कुणी त्यांच्याकडे पाहत नव्हतं. सभागृह रिकामं होत होतं. माणसं हळू आवाजात ओरडत, चपला शोधत, उन्हाच्या उरलेल्या पट्टीवरून घाईघाईनं घरी निघाली होती. जाता जाता पद्माक्का जुबेरच्या कानाशी म्हणाल्या, "चांगलं होतं रं. वर आलं आणि बरोब्बर गॅस बंद केला त्यानं." आणि त्या गेल्या.

आप्पांची मान डोलू लागली. आधी किंचित, मग ठेक्यात. कपाळावरची आठी सुटली. जन्मभर ज्या भाषेत त्यांनी लोखंडाशी संवाद केला, त्या भाषेत कुणीतरी त्यांच्याशी बोलत होतं. ते मोठ्यानं बोलले, ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं. रिकाम्या सभागृहात ते स्वच्छ ऐकू आलं.

"ह्ये त्यानं केलंय?"

जुबेर त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला. आप्पांनी डोळे उघडले आणि त्याच्या ओठांकडे पाहिलं.

"आपल्या मागासारखंच हाय की रं," आप्पा म्हणाले. "हुबेहूब. कुठं सैल न्हाई, कुठं घासत न्हाई." त्यांनी तळहात आणखी घट्ट दाबला. "मला वाटायचं, पोराला आपल्या धंद्याचा राग हाय. आणि लेकानं आमचंच वाजीवलं व्हय. येवढी वरसं, दार लावून, आमचंच."

खोटं बोलायला आवाज लागत नाही, ओठ पुरतात. जुबेरचे ओठ हलले.

"व्हय, आप्पा."

आणि ते हलताच त्याला कळलं, की खरा शेवट आता कधीच वाजवता येणार नाही. उद्या फ्यूज घालता येईल, माग पुन्हा थांबवता येतील, हात पुन्हा टेकवता येईल. पण तो शेवट वाजला तर तो मागासारखा नसेल. तो किती वेगळा आहे हे त्या तळहाताला पहिल्या ठोक्यालाच समजेल. मुलाला हवं होतं ते बापाला द्यायचं, तर बापाला आत्ता मिळालेलं काढून घ्यावं लागेल. दोघांपैकी एकाला फसवल्याशिवाय सन्मती या घरात पुरा होत नव्हता. आणि एकजण फसवणुकीच्या पलीकडे गेला होता, म्हणून जुबेरनं त्याला फसवलं.

खिडकीतलं ऊन गेलं. गल्लीतल्या घराघरांत ताटं वाजून थांबली. दिवस मावळला, ताम्र, मग रक्त, मग राख.

"संपलं का रं?" आप्पांनी विचारलं. हात तिथेच होता.

"अजून हाय, आप्पा."

"मोठं हाय."

"मोठंच असतंय हे."

"असू दे," आप्पा म्हणाले, आणि खुर्चीत जरा सैल बसले. तंतू उडत उडत त्यांच्या भुवयांवर आले, पापण्यांवर आले, पालथ्या हातावर आले. त्यांनी ते झटकले नाहीत. झटकायला हात उचलावा लागला असता.

सबब गल्लीतील समस्त माग, मालक, कामगार, विद्युतप्रवाह व इतर संबंधितांस नम्र विनंती करण्यात येते की, सदर गृहस्थांचा उजवा तळहात सदर खोक्यावर असेपर्यंत एकही माग कोणत्याही कारणास्तव बंद करण्यात येऊ नये. पाळी बदलली, सूत तुटले, सुटी आली, सण आला, मालक गेले, गाव गेले, तरीही येऊ नये. तसेच कै. सन्मती बाळगोंडा चौगुले यांनी, जेथे असतील तेथून, मूळ शेवटासह, वडिलांसमोर समक्ष हजर व्हावे, व मान वर करून बोलावे. झालेला विलंब माफ करण्यात येईल.